चाकं थांबतात तिथं
(जागतिक एड्स दिनानिमित्त आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



न्हावा आणि शेवा ही उरण तालुक्यातली दोन गावं. भातशेती, मिठागरं आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या पट्ट्यातली. २६ मे १९८९ रोजी इथं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं आणि ही जोडनावाची जागा जगभरातल्या जहाज कंपन्यांच्या कागदांवर गेली. आज देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांमध्ये तिची गणना होते. वीस फुटी कंटेनरच्या मापानं मोजलं तर २०२४-२५ या एका वर्षात इथून सुमारे ७३ लाख कंटेनरांची ये-जा झाली. या कंटेनरांमधून काय येतं आणि काय जातं, याची नोंद कस्टमच्या दप्तरी असते. पण हे कंटेनर ओढून आणणाऱ्या माणसांचं काय होतं, याची नोंद ठेवणारं दप्तर फारसं कुठं नसतं. आज मला त्या माणसांविषयी, आणि त्यांच्या निमित्तानं आपल्या सर्वांच्या दारापर्यंत येऊन गेलेल्या एका आजाराविषयी बोलायचं आहे. तो आजार म्हणजे एचआयव्ही-एड्स.

बंदर आणि साथ यांचं नातं जुनं आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची लागण झाली ती गोदीला लागून असलेल्या मांडवी भागात. डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी तिथले पहिले रुग्ण ओळखले. पुढं सरकारनं घराघरांत शिरून तपासण्या केल्या, माणसांना बळजबरीनं उचलून नेलं. पुण्यात त्यातून काय घडलं हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं आहे. त्या जबरदस्तीचा एक परिणाम मात्र पुस्तकात फारसा ठळक येत नाही. लोक रुग्ण लपवू लागले. घरात आजारी माणूस आहे हे सांगण्यापेक्षा त्याला माळ्यावर झोपवणं लोकांना सोपं वाटू लागलं.

हीच चूक जवळजवळ शंभर वर्षांनी पुन्हा झाली, आणि तीही आपल्या शेजारी. १९८९ साली गोव्यात डॉमनिक डिसूझा नावाच्या तरुणाला पोलिसांनी ताब्यात घेतलं. त्याचा गुन्हा एवढाच, की तो नियमित रक्तदान करायचा आणि त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला होता. गोव्याच्या तेव्हाच्या आरोग्य कायद्यात अशा माणसाला वेगळं कोंडून ठेवण्याची तरतूद होती. म्हापशातल्या एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्याला सुमारे दोन महिने ठेवण्यात आलं. तो कोर्टात गेला, बाहेर आला, आणि पुढं एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी त्यानं संस्था उभी केली. १९९२ मध्ये तो गेला.

प्लेगच्या रोग्याला वेगळं ठेवण्यामागं निदान काही वैद्यकीय कारण तरी होतं. एचआयव्हीच्या बाबतीत तेही नाही. हा विषाणू हवेतून पसरत नाही. हस्तांदोलनानं, एका ताटात जेवल्यानं, एकाच केबिनमध्ये झोपल्यानं, डास चावल्यानं, सार्वजनिक शौचालय वापरल्यानं तो पसरत नाही. त्याचे मार्ग मोजके आहेत. कंडोम न वापरता केलेला शरीरसंबंध, दूषित रक्त, दूषित सुई आणि बाधित आईकडून गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून बाळाला. बस, एवढंच. पण त्याचं खरं अवघडपण दुसरीकडं आहे. लागण झाल्यावर उपचाराविना माणूस साधारण आठ-दहा वर्षं धडधाकट दिसू शकतो. तो गाडी चालवतो, माल उतरवतो, लग्न करतो, त्याला मुलं होतात. त्याला पाहून कुणी काही ओळखू शकत नाही. त्याला स्वतःलाही कळत नाही. म्हणून वेशीवर अडवून हा आजार थांबत नाही. तो थांबतो फक्त माहितीनं आणि चाचणीनं.

मी या पट्ट्यात बरीच वर्षं समुपदेशक म्हणून काम केलं. करळ फाटा, गव्हाण फाटा, कळंबोलीचा ट्रक टर्मिनल आणि मधल्या रस्त्यांवरची वाहनतळं ही माझी कामाची ठिकाणं. लोक विचारायचे, ट्रकवाल्यांमध्येच हा आजार जास्त का? त्याचं उत्तर ट्रकवाल्याच्या स्वभावात नाही, त्याच्या कामाच्या पद्धतीत आहे.

ट्रेलर चालू असतो तेव्हा धोका नसतो. तो थांबतो तेव्हा असतो. कधी कागदपत्रं अपुरी असतात, कधी कंटेनर फ्रेट स्टेशनात जागा नसते, कधी जहाजच उशिरा लागतं. मग ड्रायव्हर आणि क्लीनर रांगेत. एक दिवस, दोन दिवस, कधी त्याहून जास्त. आंघोळीला पाणी नाही, झोपायला केबिन, जेवायला ढाबा, आणि वेळ घालवायला दारू नाहीतर पत्ते. घर सोडून महिना-दीड महिना झालेला. खिशात भत्त्याचे थोडे पैसे. अशा जागी देहविक्रयही येतो, कारण तिथं गिऱ्हाईक असतं. त्या स्त्रियाही कुणाच्या तरी आया असतात, कर्जानं किंवा नवऱ्यानं टाकल्यामुळं तिथं आलेल्या असतात. आता बंदरानं ट्रेलरसाठी मोठा वाहनतळ बांधला आहे, रस्ते रुंद झाले आहेत, जानेवारी २०२४ पासून शिवडीहून समुद्रावरून येणारा अटल सेतू खुला झाला आहे. पण गाड्या रांगेत थांबणं पुरतं संपलेलं नाही, आणि एकटेपण तर मुळीच नाही.

या माणसांशी बोलताना एक समजूत मला पुनःपुन्हा ऐकायला मिळायची. दिवसभर इंजिनाजवळ बसून अंगात ‘गरमी’ साठते आणि ती बाहेर काढली नाही तर माणूस आजारी पडतो. हे सांगणारे लोक खोटं बोलत नसत. त्यांच्या उस्तादानं त्यांना क्लीनर असताना हेच शिकवलेलं असायचं. त्यांना “हे पाप आहे” असं सांगून काही उपयोग नव्हता. पाप त्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते शरीर. त्यामुळं आम्ही व्याख्यान न देता डोकेदुखीपासून सुरुवात करायचो. डोळे तपासायचे, रक्तदाब पाहायचा, पाठदुखीवर गोळी द्यायची. मग हळूच लघवीच्या जागी जळजळ होते का, फोड आहेत का, हे विचारायचं. कारण गुप्तरोगाची जखम असेल तर एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता कितीतरी वाढते. तो गुप्तरोग वेळेत बरा केला, तर एक मोठं दार बंद होतं.

एक ट्रेलरचालक मला चांगला आठवतो. बीडकडचा, पस्तिशीतला. त्यानं चाचणीला नकार दिला आणि कारण सांगितलं ते असं: “ताई, निकाल आला तर मी एकटा असेन. गाडीत कुणी नसतं हो. गाडी चालवताना तेच डोक्यात फिरणार. घाटात काय करू?” त्याचा नकार म्हणजे अडाणीपणा नव्हता. चाचणीनंतर त्याच्या हाताला धरून पुढं नेणारं कुणी आहे का, हा त्याचा प्रश्न होता. तो प्रश्न आजही तितकाच खरा आहे. चार महिन्यांनी तो पुन्हा आला तेव्हा बायकोला बरोबर घेऊन आला आणि दोघांनी मिळून चाचणी केली. निकाल काय आला हे मी सांगणार नाही. ते त्यांचं आहे.

ही सारी कामं एकट्यादुकट्या माणसांनी झाली नाहीत. देशात एचआयव्ही पहिल्यांदा आढळला १९८६ मध्ये चेन्नईत. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी तो शोधला. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे ‘नॅको’, स्थापन झाली. २००१ च्या सुमारास देशातल्या बारा मोठ्या बंदरांच्या परिसरात ‘ऑपरेशन लाइटहाऊस’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. पॉप्युलेशन सर्व्हिसेस इंटरनॅशनल ही संस्था अमेरिकी मदतीनं तो चालवत होती. बंदरातला कामगार, खलाशी, ट्रकवाला आणि त्यांच्याभोवतीची वस्ती हे त्याचं लक्ष्य होतं.

याच प्रकल्पातून २००२ च्या अखेरीस मुंबईच्या भिंतींवर, बसवर आणि लोकलच्या डब्यांत एक प्रश्न झळकला होता. “बलबीर पाशाला एड्स होईल का?” आठवतंय ना? हा बलबीर पाशा कोण, याची पानाच्या टपरीवरही चर्चा व्हायची. बलबीर एरवी कंडोम वापरतो, पण दारू प्यायला की विसरतो, त्याला एड्स होईल का? बलबीर एकाच बाईकडं जातो, पण तिच्याकडं इतरही येतात, मग होईल का? समोरचा माणूस तब्येतीनं ठणठणीत दिसतो, म्हणून बलबीर निर्धास्त राहतो, तर होईल का? या जाहिरातीचं यश असं की तिनं उपदेश केला नाही. बलबीरचं नाव घेऊन माणसं स्वतःविषयी बोलू लागली. हेल्पलाइनवर विचारणा वाढली. तिच्यावर टीकाही झाली, आणि ती योग्य होती. त्या जाहिरातींत आजार आणणारी म्हणून बाईच दिसत होती. बलबीरकडून घरच्या बायकोला काय होईल, हा प्रश्न भिंतीवर तेवढ्या मोठ्या अक्षरात आला नाही.

खरं तर तोच प्रश्न सर्वांत मोठा होता. उरण-पनवेलच्या गावांत मी बोलायला जायचे तेव्हा लोक म्हणायचे, “हा परप्रांतातल्या ड्रायव्हरांचा आजार आहे, आमच्याकडं काय त्याचं?” या भावनेमागचा इतिहास मला कळतो. इथल्या भूमिपुत्रांनी जमिनी गमावल्या आहेत. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई आणि नवघरला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीकडं संशयानं पाहायला या भागाला कारण आहे. पण जमिनीच्या मोबदल्यातून ट्रेलर घेणारी, ट्रेलर चालवणारी, बंदरात आणि गोदामांत रात्रपाळी करणारी पोरं याच गावांतली होती. आजार माणसाचा प्रांत विचारत नाही. तुम्ही कोण आहात यात धोका नसतो, तुम्ही काय करता आणि काय काळजी घेता यात असतो.

आणि शेवटी भोगावं लागलं ते बहुतेक घरातल्या बाईला. आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आलेल्या स्त्रिया आमच्यासमोर बाधित म्हणून बसायच्या. नवरा आधी गेलेला. सासरचे म्हणायचे, हिच्या पायगुणानं गेला, हिनंच आणलं. कुणाला वेगळं भांडं, कुणाला वेगळी मोरी, कुणाला सरळ माहेरचा रस्ता. घर आणि शेत नवऱ्याच्या नावावर असल्यानं ती तेही गमवायची. गरोदरपणात चाचणी होऊ लागल्यावर कित्येकदा घरात आधी बाईचंच निदान व्हायचं, आणि जी आधी सापडली तीच दोषी ठरायची. श्रोतेहो, विषाणूनं जेवढं नुकसान केलं, त्यातलं निम्मं तरी या वागण्यानं केलं असं मला वाटतं.

आता चांगली बाजू सांगते, कारण ती फारशी सांगितली जात नाही.

सन २००० च्या आसपास एड्सवरची तीन औषधांची उपचारपद्धती एका रुग्णाला वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलरला पडायची. आपल्याकडच्या ड्रायव्हरनं त्याचं स्वप्नही पाहू नये अशी किंमत. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी हीच औषधं वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी दरात, देण्याची तयारी जाहीर केली. जगभरच्या औषधांच्या किमती त्यानंतर कोसळल्या. आफ्रिकेतल्या लाखो माणसांचे प्राण वाचले, त्यात मुंबईतल्या या निर्णयाचा वाटा मोठा आहे. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारनं मोफत एआरटी सुरू केली. सुरुवातीच्या आठ केंद्रांमध्ये मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. २०१७ पासून तर निदान झालं की लगेच उपचार, असं धोरण आहे. पूर्वी प्रतिकारशक्ती खालावेपर्यंत थांबावं लागायचं, आता नाही. बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते.

ही गोळी नियमित घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तो तपासणीत सापडत नाही. आणि जो सापडत नाही, तो शरीरसंबंधातून जोडीदाराकडं जात नाही. मोठमोठ्या अभ्यासांनी हे सिद्ध झालेलं आहे. बाधित आईच्या बाळाला उपचाराविना लागण होण्याचा धोका शंभरात पंधरा ते पंचेचाळीस इतका असतो. वेळेवर औषधं घेतली तर तो पाचाच्या खाली येतो. म्हणजे बाधित माणूस काम करू शकतो, संसार करू शकतो, निरोगी मुलाला जन्म देऊ शकतो. हे मी आशा म्हणून सांगत नाही. अशी मुलं मी शाळेत जाताना पाहिली आहेत.

कायदाही बदलला आहे. मुंबईतल्या एका सार्वजनिक उपक्रमानं रोजंदारीवरच्या एका मजुराला, तो एचआयव्हीबाधित आहे म्हणून, काम नाकारलं. तो उच्च न्यायालयात गेला. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला की काम करायला सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. त्याचं नाव जाहीर न करता खटला चालवू दिला, हेही महत्त्वाचं. आणि २०१७ मध्ये संसदेनं एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा केला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर यांत भेदभाव करायला त्यानं बंदी केली. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, निकाल परस्पर कुणाला सांगता येत नाही. शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. आपल्या बंदराच्या परिसरातल्या गोदामांत, वाहतूक कंपन्यांत आणि फ्रेट स्टेशनांत काम करणाऱ्यांनी आपल्याकडं असा अधिकारी कोण आहे, हे एकदा विचारून पाहावं. विचारणं हा तुमचा हक्क आहे.

मग आता काळजी कशाची? काळजी विसरण्याची. ‘नॅको’च्या २०२३ च्या अंदाजानुसार देशात २५ लाख ४४ हजार लोक एचआयव्हीसह जगत आहेत. त्यात महाराष्ट्राची संख्या देशात सर्वाधिक, चार लाखांच्या आसपास आहे. २०१० च्या तुलनेत नव्या लागणी ४४ टक्क्यांनी कमी झाल्या, मृत्यू तर त्याहून खूप जास्त घटले. हे यश आहेच. तरीही २०२३ या एका वर्षात देशात ६८ हजारांहून अधिक लोकांना नव्यानं लागण झाली. जगात २०२४ साली ४ कोटी ८ लाख लोक बाधित होते आणि ६ लाख ३० हजार माणसं या आजारानं गेली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत अचानक थांबवली, तेव्हा आफ्रिकेतल्या कित्येक दवाखान्यांचं काम विस्कळीत झालं. आपल्याकडची औषधं प्रामुख्यानं आपल्याच सरकारी पैशातून येतात, म्हणून तो धक्का आपल्याला तसा बसला नाही. पण दुसऱ्याच्या पैशावर उभं राहिलेलं काम एका सहीनं थांबू शकतं, हा धडा घेण्यासारखा आहे.

आज वीस वर्षांचा जो मुलगा पहिल्यांदा ट्रेलरवर क्लीनर म्हणून चढतो, त्यानं बलबीर पाशाचं नाव ऐकलेलं नाही. त्याच्या हातात मोबाइल आहे, त्यावर सगळं काही दिसतं, पण कंडोम कसा आणि का वापरायचा हे त्याला सांगणारं कुणी नाही. उस्ताद अजूनही गरमीचीच गोष्ट सांगत असतो. त्या मुलासाठी आपल्याला पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागेल.

म्हणून काही साध्या गोष्टी सांगून थांबते. शंका असेल तर जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन व चाचणी केंद्रात जा. चाचणी मोफत आहे, नाव गुप्त राहतं. शंकेचा प्रसंग अगदी ताजा असेल तर तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करा, कारण सुरुवातीला ती लागण दाखवेलच असं नाही. १०९७ या क्रमांकावर फोन लावला तर पैसे पडत नाहीत आणि तुम्ही कोण हे कुणी विचारत नाही. औषध सुरू असेल तर ते चुकवू नका. गाडीवर असाल तर निघण्याआधी आपल्या केंद्रात सांगा, जास्त दिवसांच्या गोळ्या मागा, आणि कार्ड जवळ ठेवा. वाटेतल्या दुसऱ्या केंद्रातूनही औषध घेण्याची सोय असते. ट्रेलरच्या मालकांना माझी विनंती आहे. तुम्ही टायर आणि डिझेलचा हिशोब ठेवता, तसा ड्रायव्हर घरी कधी गेला होता याचाही ठेवा. त्याला वेळेवर रजा द्या. पगार कापला जाईल या भीतीनं गोळ्या आणायला न गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि घरातल्यांना एवढंच. तुमच्या घरात, चाळीत किंवा गावात कुणाला हा आजार असेल, तर त्याच्याबरोबर जेवायला बसा. त्यानं तुम्हाला काहीही होत नाही. त्याची मात्र गोळी घेण्याची हिंमत वाढते, आणि ती गोळीच पुढच्या माणसाला वाचवते.